एकाच खेळाडूचा खेळ

वाचकहो, घरातल्या वृद्ध माणसाशी आपण दिवसभरात किती वाक्ये बोलतो आणि त्यांतली किती प्रश्नचिन्हाने संपतात, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? मी एकदा मांडला. गोळी घेतली का, जेवण झालं का, पोट साफ झालं का, पायावर सूज आहे का, रात्री किती वेळा उठावं लागलं. आमच्या अण्णांशी मी दिवसाकाठी इतकेच बोलत होतो. माझ्या दवाखान्यातल्या कोणत्याही रुग्णाशी मी याहून अधिक बोलतो. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा मला लाज वाटली, आणि ती वाटली हे बरेच झाले.

केळणा नदी पूर्णेला मिळते त्या संगमावर वसलेल्या जाफराबादेत मी अठ्ठावीस वर्षांपासून वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. अण्णा 85 वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. आई गेल्यापासून त्यांचे बोलणे आटत गेले. पुढे नावे विसरणे, एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारणे, तिन्हीसांजेला उगाच अस्वस्थ होणे सुरू झाले. मी त्यांना छत्रपती संभाजीनगरला तज्ज्ञांकडे नेले. थायरॉइड, बी-12, सोडियम, डोक्याचा स्कॅन असे सगळे रीतसर झाले. विस्मरणाच्या आजाराची ही सुरुवात आहे, असे निदान झाले. गोळ्या सुरू झाल्या. त्या वेळेवर देणे म्हणजेच सेवा करणे, अशी मी माझी समजूत करून घेतली.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा बंगळुरूहून आला. तो आणि त्याचे मित्र दर रविवारी एक खेळ खेळतात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. ‘तुम्ही वेशीपाशी उभे आहात, रात्र झाली आहे, दार बंद आहे. आता काय कराल?’ असे सूत्रधार सांगतो. आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात. जमेल की नाही अशी शंका असली, तर फासे टाकतात. फाशांच्या दानावरून सूत्रधार पुढची हकीकत रचतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी गृहस्थांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ छापील स्वरूपात आणला. आज जगभर त्याचे असंख्य प्रकार खेळले जातात.

आपल्याला हे फार परके वाटायला नको. सापशिडीत केवळ दैव असते, खेळणाऱ्याला निवड नसते. बुद्धिबळात केवळ निवड असते, पण समोर शत्रू असतो. या खेळात दैवही आहे आणि निवडही आहे, मात्र हरवण्यासाठी समोर कोणी नाही. दोघे मिळून एक गोष्ट पुढे नेतात, इतकेच.

भाऊबीजेच्या दुपारी मुलाने आजोबांना विचारले, “आबा, खेळता का? चला, एका गुहेत ड्रॅगन आहे.” अण्णा म्हणाले, “इथं कुठला आला ड्रॅगन? खेळायचं तर असईची लढाई घे.”

असई आमच्या जवळच आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या रानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. अण्णांनी ही लढाई फळ्यावर नकाशा काढून तीस-पस्तीस वर्षे शिकवली होती. मुलगा हुशार. त्याने ड्रॅगन बाजूला ठेवला. लढाईनंतरची रात्र, जाफराबादची वेस, आणि वेशीवर हातात लखोटा घेऊन उभा असलेला एक जासूद, असा त्याने प्रारंभ केला. लखोटा सिंदखेडराजाला पोचवायचा होता. जासूद अर्थात अण्णा.

अर्ध्या तासात अण्णा कंटाळले. “पोरखेळ आहे सगळा,” म्हणून उठून गेले. मुलगा सुट्टी संपवून परतला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला अण्णा मला म्हणाले, “काय रे, तो जासूद अजून वेशीवरच उभा आहे ना?”

सकाळी काय खाल्ले ते ज्यांना आठवत नव्हते, त्यांना तीन दिवसांपूर्वीचा जासूद आठवत होता. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, आता तुम्हीच सूत्रधार व्हा. एकाच खेळाडूला घेऊनही हा खेळ खेळता येतो. पण एकट्याला खेळवणं जास्त अवघड असतं हं.”

ते अवघड का असते, हे मला पहिल्या आठवड्यातच उमगले. चार खेळाडू असले की ते आपसात बोलतात, एकमेकांना सुचवतात आणि सूत्रधाराला उसंत मिळते. खेळाडू एकच असला की त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर आपणच द्यायचे. त्याने मौन धरले तर ते मौनही आपणच सांभाळायचे. मोबाइलकडे पाहायची सोय राहत नाही. मात्र म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने यात मोठी सोय आहे. चौघांच्या गलक्यात ज्यांना नीट ऐकू येत नाही आणि उत्तर सुचेपर्यंत ज्यांचा विषय पुढे निघून गेलेला असतो, त्यांना इथे कोणी मागे टाकत नाही. अण्णांच्या श्रवणयंत्राने दोन वर्षे कपाटाच्या खणात काढली होती. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ते आपण होऊन मागितले. वाटाड्या काय म्हणतो ते त्यांना नीट ऐकू येत नव्हते!

हा वाटाड्या म्हणजे मुलाने सुचवलेली युक्ती होती. खेळाडू एकटा असला की त्याला एक सोबती द्यावा आणि त्याच्या तोंडी आपण बोलावे. सोबत्याने शहाणपण शिकवू नये, निर्णय खेळाडूवरच सोडावा, पण तो अडला तर ‘धनी, उजवीकडं उजेड दिसतोय’ एवढे म्हणावे. मी एक म्हातारा, बोलघेवडा वाटाड्या उभा केला. अण्णा त्याच्याशी माझ्याहून मोकळेपणाने बोलू लागले.

फाशांचाही प्रश्न होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही फाशांवरचे ठिपके त्यांना स्पष्ट दिसेनात, आणि हात कापत असल्यामुळे फासे खाली घरंगळत. अण्णा म्हणाले, “चिंचोके आण.” लहानपणी पटावर खेळताना ते फोडलेले चिंचोकेच टाकत असत. चार अर्धे चिंचोके घेतले आणि पितळी ताटलीत टाकायचे ठरवले. तीन किंवा चार पांढऱ्या बाजू वर आल्या तर काम मनासारखे होते. दोन आल्या तर होते, पण काहीतरी किंमत मोजून. एक आली किंवा एकही आली नाही तर विघ्न येते. प्रत्येक चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो असे धरले, तर सोळापैकी पाच वेळा यश, सहा वेळा महागडे यश आणि पाच वेळा विघ्न असा हिशेब बसतो. नियमाचे पुस्तक एवढेच.

वेळ दुपारी चारची ठेवली, संध्याकाळची ओपीडी उघडण्याआधीची पाऊण तासाची. अशा रुग्णांचे मन दिवे लागणीच्या सुमारास अधिक गोंधळते, म्हणून त्याआधीच खेळ आटोपायचा. शेवटी मी दोन ओळी वहीत लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी त्या वाचूनच सुरुवात करायचो, म्हणजे ‘काल काय झालं, आठवतंय का?’ हा परीक्षेचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहत नसे.

पूर्णेला पूर आला आहे, नाव नाही, असा प्रसंग मी एकदा उभा केला. अण्णांनी चिंचोक्यांना हातही लावला नाही. त्यांनी विचारले, “नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं कुठं आहेत?” मी म्हणालो, “आहेत, कोसभर खाली.” ते म्हणाले, “मग तिथं उतार असणारच. माणसं एकमेकांकडं जात-येत असतील की नाही?” वाचकहो, असईच्या लढाईत वेलस्लीने नेमके हेच ताडले होते. उतार नाही असे वाटाडे सांगत होते, पण समोरासमोरची दोन गावे पाहून त्याने फौज त्या बाजूला वळवली आणि उतार सापडला. अण्णांच्या डोक्यातली ही खोली अजून उजेडात होती. मी मात्र बाहेरच्या दाराशी उभा राहून गोळ्यांची चौकशी करीत होतो.

आता माझी चूकही सांगतो, कारण ती सांगितल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही. डिसेंबरातल्या एका दुपारी गोष्टीत रंग भरावा म्हणून मी सांगितले, “रात्र आहे, मागे गाव जळतंय, हत्यारबंद माणसं येताहेत, वऱ्हाडाची हद्द अजून लांब आहे.” अण्णांच्या हातातले चिंचोके तसेच राहिले. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि पहाटेपर्यंत दाराची कडी पुनःपुन्हा तपासत राहिले.

मला कळायला हवे होते. 1948 साली अण्णा 8 वर्षांचे होते. जाफराबाद निजामाच्या राज्यात, आणि पलीकडचा बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. रझाकारांच्या धास्तीने सीमेवरच्या गावांतली माणसे रातोरात हद्द ओलांडून जात. 17 सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त होण्यापूर्वी कधीतरी अण्णाही आपल्या आईचे बोट धरून तसेच गेले होते. हे मी घरात शंभरदा ऐकले होते, आणि खेळ रंगवण्याच्या नादात शंभरदा ऐकलेले विसरलो. वयाबरोबर ताजी आठवण पुसट होते, पण जुनी भीती तशीच ताजी राहू शकते. वैद्य म्हणून मला हे ठाऊक होते. त्या दुपारी मुलगा म्हणून मला ते आठवले नाही.

मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बाबा, आम्ही पहिल्याच बैठकीत विचारून घेतो, गोष्टीत काय यायला नको ते. आणि कुणी मधेच थांबा म्हटलं तर कारण न विचारता थांबतो.” विशी-पंचविशीतली ही मुले इतकी काळजी घेतात आणि पन्नाशी उलटलेल्या डॉक्टरला ते सुचत नाही! मी आठवडाभर खेळ बंद ठेवला. नंतर अण्णांची क्षमा मागितली आणि दोन गोष्टी ठरवल्या: आग आणि रात्रीचा पाठलाग गोष्टीत येणार नाही, आणि त्यांनी ताटलीवर पालथा हात ठेवला की प्रसंग तिथेच संपेल. तो हात त्यांनी पुढे दोनदा ठेवला. मी कारण विचारले नाही.

संक्रांतीच्या आधी घडलेल्या प्रसंगासाठीच खरे तर मी हा लेख लिहीत आहे. आम्ही तिघे भावंडे. मी दिवसभर दवाखान्यात, पत्नी शाळेत, अण्णा घरी एकटे. फोनवर बोलून आम्ही ठरवले होते की संक्रांतीनंतर अण्णांना पुण्याला बहिणीकडे न्यायचे. तिथे लिफ्ट आहे, मोठी रुग्णालये जवळ आहेत. गाडीही सांगून ठेवली होती. अण्णांना ‘वेळ आली की सांगू’ असे आमचे चालले होते.

त्या दुपारी चिंचोके पडले ते सगळे काळे. विघ्न द्यायलाच हवे होते. मी म्हणालो, “उतारावर वाटाड्याचा पाय घसरला आणि मोडला. त्याला चालता येत नाही. आता काय करायचं? त्याला पलीकडच्या मोठ्या छावणीत न्यायचं, तिथं जर्राह आहेत. की अलीकडच्या गावात ठेवायचं? की पाठीवर घेऊन पुढं जायचं?”

अण्णांनी चिंचोके उचलले नाहीत. बराच वेळ ते ताटलीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “त्याला विचारलंस का?”

मी गप्प झालो. वाटाड्याच्या तोंडी बोलायचे मीच होतो, पण मला काही सुचेना. अण्णाच म्हणाले, “थांब, वाटाड्याचं मी बोलतो.” आणि ते बोलले, “मला पलीकडं नेऊ नका, धनी. पलीकडं जर्राह असतील, पण मला ओळखणारं कुणी नाही. अलीकडच्या गावात ठेवा. रात्री दिवा ठेवा, आणि सकाळी कुणीतरी येऊन बघून जा. एवढं पुष्कळ झालं.”

त्यांना पुण्याची कुणकुण लागली होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्या दिवशी ओपीडी अर्धा तास उशिरा उघडली. रात्री बहीण-भावाला फोन केला आणि इतकेच म्हणालो, “आपण अण्णांना विचारलंच नाही.” दुसऱ्या दिवशी मी खेळ बाजूला ठेवला आणि सरळ शब्दांत विचारले. आजार हळूहळू वाढणार आहे हे सांगितले. पुण्याच्या सोयी सांगितल्या, इथल्या अडचणीही सांगितल्या. त्यांनी ऐकले, दोनदा तेच प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, “लेकरा, जमेल तितके दिवस इथंच राहू दे. जमेना झालं की तू ठरव. पण सांगून ने.”

बहिणीला ते पटायला वेळ लागला. तिची काळजी खोटी नव्हती. अखेर दुपारी सोबतीला एक बाई ठेवल्या, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, अण्णांच्या खोलीत रात्रभर मंद दिवा ठेवला. बहीण दर दोन महिन्यांनी आठ दिवस राहून जाते. हा निर्णय कायमचा नाही आणि पुढे तो बदलावा लागेल, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. मात्र तो बदलताना काय पाळायचे तेही आता ठाऊक आहे.

येथे वैद्य म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. या खेळाने विस्मरणाचा आजार बरा होत नाही. अण्णांचा झालेला नाही आणि यंदा तो थोडा वाढलाच आहे. मात्र एकाकीपणा ही केवळ मनाची बाब नाही. विस्मरणाच्या आजारावरील लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे 14 धोके दिले आहेत. त्यांत मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांच्या पंक्तीला कमी झालेली श्रवणशक्ती, अधू दृष्टी आणि माणसांपासून तुटलेपण हेही आहेत. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग या विदुषींनी 1990 च्या दशकात विस्मरण झालेल्या वृद्धांसोबत गोष्टी रचण्याचे काम सुरू केले. आठवण्याचा आग्रह सोडा आणि कल्पनेला वाव द्या, हे त्यांचे सूत्र होते. मला त्यातले मर्म असे वाटते की ‘आठवतंय का?’ या प्रश्नाला चुकीचे उत्तर असते, ‘पुढे काय होईल?’ याला नसते.

आणखी एक इशारा. माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी बरळू लागला, अति झोपाळला किंवा घरच्यांना ओळखेनासा झाला, तर ते ‘वयाचं आहे’ म्हणून सोडू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम घटणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, नवी औषधे यांमुळे असे होते आणि वेळेवर उपचार झाले तर बहुधा सुधारते. सतत उदास राहणे, अन्नावरची वासना जाणे हेही उपचार करण्याजोगे आहे. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे आणि मनाच्या तक्रारींसाठी 14416. सेवा करून थकलेल्यांनीही दुसरा क्रमांक वापरावा, त्यात कमीपणा नाही.

आपल्याला हा खेळ घरी करून पाहायचा असेल, तर विकत काही आणावे लागत नाही. ठिकाण ओळखीचे घ्या. त्यांच्या तरुणपणीचा आठवडी बाजार, वारीची वाट किंवा बैलगाडीचा प्रवास चालेल. पात्राचे काम त्यांच्या आवडीचे असू द्या. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी लढाई नको म्हटले. त्यांनी हरवलेल्या गायीचा शोध घेतला आणि वाटेत तीन लग्ने जुळवली! एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी मनातल्या मनात वीस अंक मोजा. पर्याय द्यायचेच तर दोन किंवा तीन द्या. दान वाईट पडले तरी पात्राला मारू नका, गोष्टीला फक्त वळण द्या. त्यांनी इतिहास चुकीचा सांगितला तर दुरुस्त करू नका. काय यायला नको ते आधी विचारा. आणि अर्ध्या-पाऊण तासाने, ते दमण्यापूर्वी, थांबा.

आमचा जासूद अजून सिंदखेडराजाला पोचलेला नाही. कधी अण्णा लखोटा विसरतात, कधी मलाच सेनापती समजून मुजरा करतात. वाटाड्या अलीकडच्या गावात आहे. त्याच्यापाशी दिवा आहे की नाही, हे ते मधूनमधून विचारतात. मी ‘आहे’ म्हणतो आणि वहीत पाहून सकाळी त्याला कोण भेटून गेले तेही सांगतो.

आज दुपारी चहा झाल्यावर, गोळीची आठवण करून देण्याआधी, आपल्या घरातल्या त्या एका माणसासमोर बसा. म्हणा, “तुम्ही वेशीपाशी उभे आहात. आता काय कराल?” आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.